साडेआठचा पाऊस

आमच्या घरात पाऊस रोज सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे पडायचा थांबत नाही हो, हिशेबापुरता संपतो. आठ एकोणतीसला पडलेला थेंब आजच्या खात्यात आणि आठ एकतीसला पडलेला उद्याच्या. लहानपणापासून हे इतकं अंगवळणी पडलेलं की, दिवस रात्री बारा वाजता बदलतो हे मला शाळेत गेल्यावर जरा चमत्कारिकच वाटलं होतं.

हा नियम आप्पांचा नाही, वेधशाळेचा आहे. भारतात पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा धरतात आणि ज्या सकाळी मोजलं त्या तारखेच्या नावावर तो पाऊस लिहितात. साडेआठच का, तर जगभरच्या हवामान केंद्रांनी ठरावीक तासांना एकाच क्षणी नोंदी घ्यायच्या असा संकेत आहे. ग्रिनिचच्या घड्याळात पहाटेचे तीन वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेआठ. (पुण्यात राहणाऱ्या सगळ्यांनी शिवाजीनगरचं 'शिमला ऑफिस' हे नाव बसच्या पाटीवर वाचलेलं असतं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून ते नाव. १९४४ साली मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र इथेच राहिलं. मला या नावाचं कोडं कॉलेजात असताना आप्पांनीच सोडवून दिलं होतं.)

तर आप्पा. देवरूखच्या बाजूला आमचं गाव. आप्पा शाळेत गणित शिकवायचे आणि १९८६ च्या जूनपासून पाऊस मोजतात. कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या खात्याला तो आकडा पाठवायचा नव्हता. पुण्याहून एक साधा पर्जन्यमापक आणला आणि खळ्याच्या खाली, माडांपासून लांब, मोकळ्या जागेत एक चिरा पुरून त्यावर बसवला. साधा म्हणजे अगदीच साधा. वर नरसाळं, आत बाटली, सोबत रेघा आखलेलं काचेचं माप. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ दोनशे चौरस सेंटिमीटर, म्हणजे एक मिलिमीटर पाऊस पडला की बाटलीत वीस मिलिलीटर पाणी. हे त्रैराशिक आमच्या गावातल्या किती पोरांच्या डोक्यात त्या मापकाशेजारी उभं करून घातलं गेलंय त्याची गणती नाही.

वही लांबट, हिशेबाची. तीन रकाने: तारीख, मिलिमीटर, शेरा. एक जून ते एकतीस ऑक्टोबर. सकाळी साडेआठला माप, पावणेनऊपर्यंत वही, आणि मी पुण्याला आलो तेव्हापासून त्यानंतर फोन. आधी शेजाऱ्यांकडे, मग घरी, मग मोबाईलवर. "आज एकशेबारा." "बरं." "तिकडे?" "भुरभुर." "बरं." आमच्यातलं पावसाळ्यातलं बरंचसं संभाषण हे असं आहे. बाकीचं आई बोलते.

२०२२ साली आप्पांना काचबिंदू असल्याचं निघालं. डाव्या डोळ्याचं बरंचसं गेलेलं होतं आणि उजव्याचं जे आहे ते टिकवायचं, एवढंच हातात होतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालायचे आणि दाब वाढू द्यायचा नाही. त्या पावसाळ्यात पहिल्यांदा मापाच्या काचेवरच्या रेघा आईने वाचल्या. आणि त्यावरून रोज वादावादी! पाण्याचा पृष्ठभाग काचेशी किंचित वर चढलेला असतो, मधल्या खोलगट भागाची पातळी धरायची असते. आई कडेची धरायची. "त्रेपन्न." "त्रेपन्न नसेल, बावन्न असेल." "मग तुम्हीच बघा." हे शेवटचं वाक्य एकदा बोलून झाल्यावर आई तीन दिवस गप्प होती, असं ताईने मला सांगितलं.

मे २०२३ मध्ये मी गावी हवामान केंद्र बसवलं. 'केंद्र' हा शब्द फार मोठा झाला. एका खांबावर लावायचं हातभर लांबीचं यंत्र. तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस मोजतं, वर छोटंसं सौर पॅनल. ते बिनतारी लहरींनी घरातल्या डबीशी बोलतं आणि डबी वायफायवरून इंटरनेटशी. हवेचा दाब घरातली डबीच मोजते. पावसासाठी आत एक छोटीशी दोन कप्प्यांची डोलणारी वाटी असते, लहान मुलांच्या सी-सॉसारखी. एक कप्पा भरला की टक्‌ करून उलटते आणि दुसरा कप्पा धारेखाली येतो. किती टिचक्या झाल्या त्यावरून किती पाऊस. कल्पना जुनी आणि झकास आहे.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीची वेबसाइट असते, तिथे आपल्या यंत्राचे आकडे आपोआप दिसतात. दिसायला देखणी. गोल तबकड्या, वाऱ्याचा हलणारा बाण, काळ्या पार्श्वभूमीवर निळे-हिरवे आकडे. मी मोठ्या उत्साहाने आप्पांना दाखवली. त्यांनी टॅब्लेट उजव्या डोळ्याजवळ नेला, तिरका केला, पुन्हा सरळ केला आणि विचारलं, "हा आजचा पाऊस कधीपासूनचा?"

रात्री बारापासूनचा!

झालं. सदतीस वर्षांची वही एका बाजूला आणि ही वेबसाइट दुसऱ्या बाजूला, दोन्हींची भाषाच वेगळी. रात्री दहा ते सकाळी सहा असा सलग शंभर मिलिमीटर कोसळला तर वहीत तो एक आकडा, तिथे दोन दिवसांत फाटलेला. आणि ही नुसती आप्पांची हौस नाही. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा जो ९४४ मिलिमीटरचा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे, तोसुद्धा २७ तारखेच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा आहे. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पंचाहत्तरही झाला नव्हता. आपला आकडा कुणाच्या आकड्याशेजारी ठेवायचा असेल तर आधी घड्याळ जुळायला हवं.

शिवाय त्या वेबसाइटवर पाच-पाच मिनिटांच्या जुन्या नोंदी काही महिन्यांनी पातळ करून अर्ध्या तासावर आणतात. माझ्या गावचा पाऊस कुठल्यातरी परदेशी सर्व्हरवर, आणि तोही झिजत जाणार. हे काही पटेना. म्हणून २०२३ च्या दिवाळीनंतर ठरवलं की आपलं पान आपणच बनवायचं.

आता तांत्रिक भाग. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत, मी रागावणार नाही :-)

बहुतेक यंत्रांना 'आकडे या पत्त्यावरही पाठव' असं सांगता येतं. मी महिन्याच्या भाड्यावर एक छोटा सर्व्हर घेतला आणि त्यावर पायथॉनमध्ये एक लहानसा कार्यक्रम लिहिला. त्याचं काम एवढंच की दर मिनिटाला डबीकडून जे येईल ते घ्यायचं, जसंच्या तसं एका फाइलीत ठेवायचं आणि मग रूपांतर करून एसक्यूलाइटच्या तक्त्यात भरायचं. रूपांतर अशासाठी की यंत्र चीनमध्ये बनलेलं, बसवलेलं कोकणात, आणि बोलतं फॅरनहाइट आणि इंचांत. इंचाला २५.४ ने गुणा, फॅरनहाइटमधून ३२ वजा करून पाच नवमांश घ्या. वेळ ग्रिनिचची. ती आपल्या वेळेत आणा. कच्चा माल जसाच्या तसा ठेवायचा हे माझं नोकरीत शिकलेलं शहाणपण आहे. पुढे कधी सूत्र बदलावंसं वाटलं तर मूळ आकडे हाताशी असतात.

साडेआठचा प्रश्न मात्र इतका सोपा सुटला की मलाच हसू आलं. प्रत्येक नोंदीच्या वेळेत साडेपंधरा तास मिळवायचे आणि जी तारीख येईल ती पावसाची तारीख धरायची. सकाळी ८:२९ मध्ये साडेपंधरा तास मिळवले की रात्रीचे ११:५९, तारीख तीच. सकाळी ९ मध्ये मिळवले की रात्रीचे साडेबारा, तारीख पुढची. एक ओळ. शंभर-दीडशे वर्षांची रीत एका ओळीत मावली.

खरा वेळ गेला तो पानावर काय *ठेवायचं नाही* हे ठरवण्यात. तबकड्या आणि काटे बनवून देणारी तयार साधनं फुकट मिळतात, ती लावली की दोन तासांत विमानाच्या कॉकपिटसारखं काहीतरी तयार होतं. पण ज्याला एका डोळ्याच्या मधल्या भागानेच दिसतं त्याने कॉकपिटात कुठे बघायचं? कडेची नजर गेलेल्या माणसाला पानावर इकडेतिकडे विखुरलेले आकडे शोधावे लागतात. तेव्हा एकाखाली एक, एकच रकाना. सगळ्यात वर चोवीस तासांचा पाऊस, तळहाताएवढ्या आकड्यात. त्याखाली एक जूनपासूनची बेरीज. त्याखाली गेल्या वर्षी याच तारखेपर्यंत किती झाला होता ते. पांढऱ्यावर काळं. अंक देवनागरीत. (ब्राउझरला भाषा मराठी आहे एवढं सांगितलं की तो अंक आपोआप देवनागरीत लिहितो, हे मला माहीत नव्हतं. कुणीतरी कुठेतरी बसून ही सोय करून ठेवलीय, त्याचं भलं होवो.) 'जाणवणारं तापमान', अतिनील निर्देशांक वगैरे सगळं काढून टाकलं. वाऱ्याचाही आकडा काढला, कारण माडांच्या आडोशाला मोजलेला वारा म्हणजे माडांनी उरवलेला वारा.

मे २०२४ मध्ये पान जवळजवळ तयार झालं आणि मी पहिल्यांदा ताईला दाखवलं. ताई डोंबिवलीला असते. तिने सगळं नीट पाहिलं, छान म्हणाली, आणि मग म्हणाली, "म्हणजे आता साडेआठला आकडा आपल्याला आपोआप कळणार?"

"हो."

"मग ते फोन कशाला करतील?"

मी दोन दिवस पानाला हात लावला नाही.

प्रश्न नुसत्या फोनचा नव्हता. खळ्यातून मापकापर्यंत चिऱ्याच्या अकरा पायऱ्या आहेत आणि जुलैत त्यांवर शेवाळ धरतं. एका डोळ्याचा, सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बाटली. त्यांनी तिथे उतरू नये ही आईची इच्छा होती आणि खरं सांगायचं तर यंत्र बसवण्यामागे माझीही तीच होती. ताईचं म्हणणं होतं की पायरीवरून पडण्याची भीती आहे हे खरं, पण सकाळी उठून जायला कुठलीच जागा नसलेली म्हातारी माणसं तिने डोंबिवलीत पुष्कळ पाहिलीत. दोघींचंही बरोबर होतं. असल्या वेळी मला मधे पडायला मुळीच आवडत नाही, पण पान माझं होतं.

आप्पांना विचारलं. (हे सगळ्यांनी सगळ्यात शेवटी केलं, असं नेहमी होतं.) ते म्हणाले, "तुझं यंत्र बरोबर मोजतं हे तुला कसं कळणार?"

उत्तर नव्हतं. कारण खरोखरच कळत नाही. त्या डोलणाऱ्या वाटीचा एक जुना, माहितीतला दोष आहे. पाऊस फार जोरात आला की वाटी उलटत असतानाच्या क्षणात धार चालूच असते आणि तेवढं पाणी मोजणीतून निसटतं. रिमझिमीत फरक पडत नाही, कोकणातल्या जुलैत पडतो. शिवाय नरसाळ्यात पान अडकतं, कोळी जाळं विणतो, एकदा तर कुंभारमाशीने आत मातीचं घर बांधायला घेतलं होतं. आप्पांच्या बाटलीत यातलं काहीच नाही. जे पडलं ते बाटलीत. त्यामुळे शास्त्राच्या दृष्टीनेही खरं माप बाटलीचंच, यंत्राचं नव्हे. वेधशाळासुद्धा स्वयंचलित यंत्रांच्या सोबतीला हाताने मोजायचे मापक ठेवतात ते काही उगाच नाही.

मग पान बदललं. आता साडेआठला यंत्राचा आकडा येतो, पण तो फिकट करड्या रंगात आणि लहान. त्याच्या वरची मोठी चौकट रिकामी असते आणि तिथे लिहिलेलं असतं, 'आप्पांचं माप यायचं आहे'. आप्पांनी आकडा भरला की चौकट भरते. यंत्राचा आकडा खाली कंसात जाऊन बसतो.

पायऱ्यांना एका बाजूने लोखंडी पाइपाचा कठडा करून घेतला. शेवाळावर आई चुना टाकते. राहिला प्रश्न काचेच्या रेघांचा, तो माझ्या लेकीने सोडवला. ती आठवीत आहे. तिने विचारलं, "वीस मिलिलीटर पाणी म्हणजे वीसच ग्रॅम ना? मग वजन का नाही करत?" किराणा दुकानात असतो तसा मोठ्या लाल आकड्यांचा वजनकाटा आणला. अंधाऱ्या पडवीत ते लाल आकडे आप्पांना लख्ख दिसतात. रिकामी बाटली ठेवून शून्य करायचं, मग भरलेली ठेवायची. दोन हजार दोनशे चाळीस ग्रॅम म्हणजे एकशेबारा मिलिमीटर. मी म्हटलं, पानावर ग्रॅमच भरा, भागाकार पान करेल. त्यावर आप्पांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी विषय बदलला. "निम्मं करायचं आणि एक घर मागं यायचं. त्याला कॉम्प्युटर लागतो?"

आई आता कडेची पातळी का मधली या वादातून सुटली आहे, याचा तिला किती आनंद झालाय ते ती बोलून दाखवत नाही.

जुन्या वह्या भरायचं काम मात्र सगळ्यांनी मिळून केलं. १९८६ ते २०२३ या वर्षांच्या वह्यांचे फोटो काढले आणि वाटून घेतले. काही मी, काही ताईने, काही लेकीने आणि बरेचसे न्यू जर्सीतल्या चुलतभावाने. वर्षाचे एकशे त्रेपन्न दिवस, २०२४ चा पावसाळा धरून जवळजवळ सहा हजार नोंदी. आकडे भरायला वेळ लागला नाही. वेळ लागला शेऱ्यांना. शेरा भरायचा की नाही यावर आधी चर्चा झाली, कारण शेरे हवामानाचे थोडेच होते. 'मृगाचे किडे दिसले'. 'पऱ्या पाखाडीवरून'. 'वीज नाही, दिवस ४'. 'तांबू व्याली, पाडी'. 'दहावीचा निकाल, ६१ पैकी ४४'. 'हिला ताप'. शेवटी ठरलं, सगळं भरायचं. पानावर एखाद्या दिवसावर बोट ठेवलं की आकड्याखाली शेरा दिसतो.

२००५ ची वही ताईच्या वाट्याला आली होती. तेव्हा ती नुकतीच नोकरीला लागलेली, कुर्ल्याला ऑफिस. २६ जुलैची रात्र तिने ऑफिसातच टेबलावर काढली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालत चालत एका मैत्रिणीच्या घरी पोचली. हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, दर पावसाळ्यात एकदा सांगून होतं. वहीत २७ जुलैच्या पुढे पावसाचा आकडा आहे आणि शेरा, 'फोन नाही'. २८ जुलै, आकडा, 'फोन नाही'. २९ जुलै, आकडा, 'आला ९:१०'. बस. आकडे तिन्ही दिवशी दशांशापर्यंत लिहिलेले, अक्षर तेवढंच सरळ. ताईने ती तीन पानं भरून मला रात्री साडेअकराला फोन केला आणि म्हणाली, "त्या दोन दिवसांत हे खाली उतरून पाऊस मोजत होते रे." मग ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही नाही.

असो.

आप्पांनी या पानावर मनापासून मागितलेली एकच गोष्ट म्हणजे नक्षत्रं. आठवडा आणि महिना त्यांना पावसासाठी निरुपयोगी वाटतात. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, मृग जूनच्या सात-आठ तारखेला लागतं आणि शेतीची कामं सगळी त्या बोलीत चालतात. तेव्हा बेरजा नक्षत्रांप्रमाणे हव्यात. मला आधी हे जरा मागासलेलं वाटलं, पण करून बघितल्यावर लक्षात आलं की चौदा दिवसांचा तुकडा पावसाळ्यासाठी फार सोयीचा आहे. महिना फार मोठा, त्यात जोर आणि उघडीप दोन्ही मिसळून जातात. आठवडा फार लहान. आता आलेखावर मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असे खांब उभे आहेत आणि पुनर्वसूखाली बारीक अक्षरात 'तरणा', पुष्याखाली 'म्हातारा' असं आप्पांच्या आग्रहाने लिहिलंय. एकोणचाळीस वर्षांच्या आलेखात तरणा आणि म्हातारा यांची चुरस पाहण्यासारखी आहे. २०२१ साली मात्र म्हाताऱ्याने कहर केला होता. २२ जुलैला चिपळूण बुडालं ते पुष्यातच. आमच्याकडे त्या वेळी दोन दिवसांचा मिळून चारशेच्या वर गेला होता. पासष्ट मिलिमीटर झाला की महसूल खात्याच्या हिशेबात अतिवृष्टी होते. आमच्याकडे जुलैत पासष्ट झाला तर आप्पा फोनवर 'आज जरा कमीच' म्हणतात.

नक्षत्रं लागायच्या तारखा एखाद्या दिवसाने मागेपुढे होतात, त्या दर वर्षी पंचांगात बघून आई सांगते आणि मी भरतो. गणिताने काढता येतील. पण आईला या पानात तेवढंच काम आहे आणि ते ती सोडणार नाही असं तिने स्पष्ट सांगितलंय.

मला स्वतःला जर कुठल्या आलेखाने वेड लावलं असेल तर ते हवेच्या दाबाच्या. ठेवू की नको अशा विचारात होतो, कारण त्याचा आप्पांना काही उपयोग नाही असं वाटत होतं. तर उघडिपीच्या दिवसांत ती रेघ रोज दोनदा वर जाते आणि दोनदा खाली येते. सकाळी दहाच्या सुमाराला वर, दुपारी चारला खाली, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला खाली. फरक दोन-तीन मिलिबारचा, पण घड्याळ लावावं इतका नियमित. वातावरणालासुद्धा भरती-ओहोटी असते! समुद्राची मुख्यतः चंद्रामुळे, ही मुख्यतः सूर्याच्या तापण्यामुळे. उष्ण कटिबंधात ती स्पष्ट दिसते. उत्तरेकडच्या देशांत येणाऱ्या-जाणाऱ्या वादळांच्या गोंधळात ती बुडून जाते. मी आप्पांना आलेख मोठा करून दाखवला. त्यांनी बोटाने त्या लाटेवरून हात फिरवला, दोन-तीनदा, आणि म्हणाले, "हे आपल्या डोक्यावर रोज होत होतं?" आलेख ठेवला.

हिवाळ्यात पानाकडे कुणी फिरकत नसेल असं मला वाटलं होतं. पण डिसेंबर-जानेवारीत वाडीतले आंबेवाले रोज पहाटेचं किमान तापमान बघतात. मोहोराला थंडी लागते, ती किती पडली, किती दिवस टिकली, यावर त्यांचं सगळं अवलंबून.

२०२४ च्या जुलैत एक वेळ अशी आली की सलग तीन दिवस वीज नव्हती आणि मोबाईलचा टॉवरही बसला. पान साडेआठला उघडलं तर 'आप्पांचं माप यायचं आहे'. नऊला तेच. दहाला ताईचा फोन, मग डोंबिवलीहून भावजींचा वेगळा, मग रात्री जागून बसलेल्या न्यू जर्सीवाल्याचा. (आपली सकाळची साडेआठ म्हणजे त्याची रात्रीची अकरा. तो झोपण्याआधी गावचा पाऊस बघतो.) यंत्राचाही आकडा नव्हता, कारण डबीच बंद. तेव्हा ध्यानात आलं की आम्ही सगळे रोज सकाळी तिथे पाऊस बघायला जातच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी देवरूखच्या एका ओळखीच्या रिक्षावाल्याने जाऊन पाहून आल्यावर कळलं, दोघंही बरी आहेत, आप्पा ओटीवर बसून शेंगा सोलतायत.

तिसऱ्या दिवशी वीज आली. बाहेरचं यंत्र आपल्या बॅटरीवर टिचक्या मोजतच होतं आणि एकूण टिचक्यांचा आकडाच पाठवतं, त्यामुळे डबी चालू होताच तीन दिवसांचा सगळा पाऊस एकदम, एकाच मिनिटात पडल्यासारखा पानावर आला. आलेखात आकाशापर्यंत खांब. बेरीज होती, पण कुठल्या दिवशी किती ते यंत्राला सांगता येईना. अर्ध्या तासाने आप्पांनी तीन तारखांना तीन आकडे भरले. त्यांची बेरीज यंत्राच्या बेरजेपेक्षा थोडी जास्त, म्हणजे असायला हवी तशीच. फोन वाजला.

"तुझा खांब काढून टाक तो. मी भरलंय."

"काढतो."

"तिकडे?"

"चांगला पडतोय."

"बरं."

सध्या त्यांची नवी तक्रार आहे. पानावर शेऱ्याला साठच अक्षरं मावतात आणि वहीत ओळ संपली तरी समासात लिहिता यायचं. आता ते बोलून टाइप करायला शिकलेत, त्यामुळे शेरे लांबत चाललेत. कालचा होता, 'रात्री दोनपासून जोर, पडवीत गळती, चांदण्याचं कौल सरकलं असावं, शंकरला सांगितलंय पण तो काही' आणि तिथे तुटला. ताई विचारतेय शंकर काय. तेव्हा शनिवारी बसून मर्यादा काढून टाकायची आहे.